यलोस्टोनला आई-बाबांना घेऊन जाताय? केबिन वेस्ट यलोस्टोनला की गार्डिनरला?

भारतातून आई-बाबा आलेले, मुलांना सुट्टी, जुलैत यलोस्टोन नॅशनल पार्कचं ठरलेलं. पार्कच्या आतल्या खोल्या कित्येक महिने आधीच भरतात, म्हणून बहुतेक मराठी घरं बाहेर स्वयंपाकघर असलेली केबिन शोधतात. मग प्रश्न उरतो तो गावाचा: पश्चिम दारावरचं वेस्ट यलोस्टोन की उत्तर दारावरचं गार्डिनर? दोन्ही मॉन्टानात, दोन्ही दाराला लागून, बोझमन विमानतळाहून दोन्हीकडे साधारण दीड-पावणेदोन तास. भाड्यापेक्षा आधी एकच ठरवा: भल्या सकाळी तुम्हाला गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) बघायचेत की प्राणी?

गीझर असतील, तर वेस्ट यलोस्टोन. तिथून ओल्ड फेथफुल हा सगळ्यात प्रसिद्ध गीझर 30 मैल, गार्डिनरहून 56. आत वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 45 मैल, आणि मॅडिसन नदीकाठी बायसन (अमेरिकेतले रानगवे) रस्त्यावर उतरले की गाड्या थांबतातच. म्हणून वेस्टहून तासभर धरा, गार्डिनरहून पावणेदोन तास. वेस्टचं दार सगळ्यात गर्दीचं. आठच्या आत आत शिरा, नाहीतर रांगेत बसावं लागेल. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतो, तो सकाळी पाहून घ्या. ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम पाण्याच्या कुंडाकडे मात्र पहाटे धावू नका. थंड हवेत वाफ इतकी दाटते की रंग दिसतच नाहीत. ऊन चढल्यावर दिसतात, पण तेव्हा तिथलं पार्किंग भरलेलं असतं; त्यामुळे दुपारी चारनंतरची वेळ सोयीची.

प्राण्यांसाठी गार्डिनरच. 1995 पासून पार्कात लांडगे पुन्हा आणून सोडले गेले, आणि ते दिसण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे लामार खोरं. गार्डिनरहून तिथे तासाभरात पोचता येतं. वेस्टहून ते 75 मैलांच्या वर पडतं. उजाडताना पोचायचं तर साडेतीनच्या सुमाराला निघावं लागेल. सत्तरीतल्या माणसांना ते झेपणार नाही. अंतराचे नियम दोन्हीकडे सारखेच: अस्वल आणि लांडग्यापासून 100 यार्ड, बायसन आणि एल्कपासून (मोठ्या हरणापासून) 25 यार्ड. चांगली दुर्बीण हवीच.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: ओल्ड फेथफुलच्या परिसरात फळ्यांच्या वाटा बऱ्याच सपाट आहेत. गार्डिनरजवळच्या मॅमथच्या, गरम झऱ्यांनी बनलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्यांवर जिने खूप. तिथे आई-बाबांना खालच्या वाटेवरूनच फिरवा. गार्डिनर ते मॅमथ रस्ता 2022 च्या पुरात वाहून गेला, आता वळणावळणाच्या चढाच्या रस्त्याने जावं लागतं. गाडी लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता स्वयंपाक, कारण केबिन घ्यायची ती त्याचसाठी. वेस्ट यलोस्टोन 6,667 फुटांवर आहे, गार्डिनर साधारण 5,300 वर. वेस्टला पाणी 93 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा राहतो. कुकर घरून न्या, डाळ आधी भिजवा, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्या. इन्स्टंट पॉट असेल तर वेळ पावपट वाढवा. गार्डिनरला हा त्रास थोडा कमी. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा; लाकडी केबिनमधला धुराचा अलार्म लगेच वाजतो. डाळ-तांदूळ, पीठ, मसाले घरूनच न्या, आणि भाजी-दूध बोझमनलाच भरून घ्या, कारण दोन्ही गावांत निवड कमी आणि भाव चढे. जेवण झाल्यावर कूलर किंवा कचऱ्याची पिशवी बाहेर व्हरांड्यात ठेवू नका. अस्वलं येतात.

जाहिरातीत ‘यलोस्टोनजवळ’ लिहिलंय म्हणून बुकिंग करू नका, नकाशावर दारापर्यंतचं अंतर मोजा. वेस्टच्या बाजूला आयडाहोतल्या आयलंड पार्कमधल्या केबिन स्वस्त दिसतात, पण रोज जाता-येता साधारण तासभर जास्त जातो. गार्डिनरच्या बाजूला एमिग्रंटच्या केबिनचं तसंच, तिथून दार 30 मैल. मालकाला तीन गोष्टी विचारा: पूर्ण शेगडी आहे की नुसता मायक्रोवेव्ह, खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि बाथरूम आहे का (माळ्यावर शिडीने चढायची केबिन आजी-आजोबांना नको), आणि एसी आहे का. शेवटचा प्रश्न गार्डिनरला जास्त महत्त्वाचा. तिथे जुलैत दुपार तापते. वेस्टला उलट: जुलैतही रात्री पारा पाचाच्या आसपास उतरतो, आई-बाबांना स्वेटर-कानटोपी लागेल. डासही तिकडेच जास्त.

आमचं मत: पहिल्यांदाच जाताय आणि चारच रात्री आहेत, तर वेस्ट यलोस्टोन, लामारसाठी मुलांना घेऊन एक दिवस वेगळा काढा, आई-बाबांना त्या दिवशी विश्रांती. सहा रात्री असतील तर आधी दोन गार्डिनरला, मग चार वेस्टला. कमी उंचीवरून सुरुवात केली की दमछाक आणि डोकेदुखी कमी होते, हा त्यातला मोठा फायदा. पार्क आधी पाहिलेल्यांनी सरळ गार्डिनर घ्यावं.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी 2026 पासून प्रवेशशुल्क वेगळं आहे. पास काढण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. पार्कात फोनला रेंज फारशी नसते, म्हणून नकाशे केबिनवरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा.