संगणकासाठी हेडफोन: वायर, अ‍ॅम्प की वायरलेस?

संगणकाला हेडफोन घ्यायचा म्हटलं की चर्चा ब्रँडपासून सुरू होते. मी आधी एवढंच विचारेन: त्यावरून तुम्ही बोलणारही आहात, की फक्त ऐकणार आहात? वायरलेस घ्यायचा विचार असेल तर निम्मा निर्णय या उत्तरावर होतो.

ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने जातो, संगणकाकडून कानाकडे. त्या वेळी एसबीसी हा अगदी मूलभूत कोडेकसुद्धा (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) साधारण 328 केबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला 328 किलोबिटपर्यंत जातो आणि रोजच्या ऐकण्याला तो पुरतो. मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक चालू झाला, की नेहमीचं ब्लूटूथ कॉलच्या प्रोफाइलवर, म्हणजे दोन्ही दिशांनी बोलणं नेणाऱ्या साध्या पद्धतीवर उतरतं. स्टीरिओ जातो, सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) 16 किलोहर्ट्झवर येतं, जुन्या उपकरणांत तर 8 वर. म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, 8 किंवा 4 किलोहर्ट्झच्या, वरचं काही ऐकूच येत नाही. उत्तम हेडफोनही अचानक टेलिफोनसारखा वाजतो आणि माणूस बिचाऱ्या हेडफोनला दोष देतो. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत ही अडचण सुटते, पण तो संगणक आणि हेडफोन दोन्हींत असायला हवा. तोवर फुकटचा उपाय आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा. हेडफोन स्टीरिओवर राहतो.

ब्लूटूथची दुसरी अडचण उशिराची. नेहमीच्या कोडेकवर आवाज सहज 150 ते 200 मिलिसेकंद मागे राहतो. सिनेमा पाहताना बरेचसे प्लेअर चित्र तेवढं थांबवून ताळमेळ साधतात. गेममध्ये किंवा संगणकाला जोडलेला संगीताचा कीबोर्ड वाजवताना ती सोय नाही. बोट आधी पडतं, सूर मागून येतो. अशा कामाला यूएसबी डोंगलवर चालणारा 2.4 गिगाहर्ट्झचा हेडसेट ब्लूटूथपेक्षा कितीतरी बरा, आणि गेमसाठी तो पुरेसा जलद असतो. वाजवणाऱ्यांनी मात्र वायरच घ्यावी. हा डोंगल यूएसबी 3 पोर्टला खेटून लावू नका, कारण त्या पोर्टमधून आणि त्याला जोडलेल्या डिस्कमधून 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. आवाज तुटत असेल तर नवा हेडसेट शोधण्याआधी डोंगल छोट्या एक्स्टेंशन वायरवर घेऊन बघा.

नुसतं ऐकायचं आणि टेबलाशीच बसायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वायरचा हेडफोन. बॅटरी नाही, उशीर नाही, आणि त्याच पैशात आवाज सहसा जास्त चांगला. मग प्रश्न येतो अ‍ॅम्पचा, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद देणाऱ्या डबीचा, आणि इथे बरेच पैसे उगाच जातात.

लोक फक्त ओहम, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा (इम्पिडन्स) बघतात. तेवढ्यावर काही ठरत नाही, संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत आवाज किती मोठा होतो, हेही बघावं लागतं. सेनहायझर एचडी 600 हा 300 ओहमचा हेडफोन 1 मिलिवॉटला, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, साधारण 97 डेसिबल देतो. बऱ्याच लॅपटॉपचा जॅक 1 व्होल्टच्या आसपास देतोच, म्हणजे शांत खोलीत त्याचा आवाज पुरेसा होतो. कमी पडलंच तर ते कमी आवाजात रेकॉर्ड केलेल्या संगीतात. उलट हायफायमॅन एचई-6 फक्त 50 ओहमचा, पण 1 मिलिवॉटला जेमतेम 83.5 डेसिबल. त्याला करंट भरपूर लागतो आणि तो साध्या जॅकला झेपत नाही. त्याला खरंच दणकट अ‍ॅम्प हवा. जास्त ओहमच्या हेडफोनची काळजी काही संगणक स्वतःच घेतात: 2021 पासूनच्या मॅकबुक प्रोचा जॅक हेडफोन ओळखतो आणि 150 ओहमच्या वर 3 व्होल्टपर्यंत देतो.

म्हणून आधी हेडफोन जॅकला लावून ऐका. व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही आवाज कमी पडत असेल तर अ‍ॅम्प घ्या. आवाज पुरतो, पण शांततेत सुरसुर किंवा माउस हलवला की किरकिर ऐकू येते, तर ताकद वाढवून उपयोग नाही. संगणकाच्या आतला गोंगाट टाळायला बाहेरचा यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा विद्युत संकेत करणारं उपकरण) हवा. बोटभर यूएसबी डोंगलमध्ये डॅक आणि छोटा अ‍ॅम्प दोन्ही असतात, आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं. कानात घालायचे संवेदनशील इअरफोन असतील तर त्या डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा अडथळा, ओहममध्ये) इअरफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी आहे ना, तेवढं तपासा. तो जास्त असला तर काही इअरफोनचा स्वरच बदलतो, कधी खर्ज फुगतो, कधी वरचे सूर दबतात.

आवाज कमी नाही, गोंगाटही नाही, फक्त मनासारखा वाटत नाही? मग अ‍ॅम्पला हात लावू नका. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे खर्ज आणि वरचे सूर कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं; त्यात खर्ज दोन-तीन डेसिबलने वरखाली केला तर जो फरक पडतो, तो चांगले दोन अ‍ॅम्प बदलूनही पडत नाही. राहिलेले पैसे हेडफोनमध्ये घाला. खोलीत एकटे असाल तर ओपन-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी असलेला हेडफोन घ्या, आवाज मोकळा येतो. शेजारी कुणी काम करत असेल किंवा माइक चालू असेल तर मागून बंद असलेला क्लोज्ड-बॅकच, कारण ओपन-बॅकचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू जातो.

आणि वायरलेसच घ्यायचं ठरलं असेल, तर बॅटरी संपल्यावर तो वायरवर चालतो का, हे खरेदीआधी बघा. काहींमध्ये 3.5 मिमीचा जॅक असतो, काहींत यूएसबी-सीवरून आवाज येतो, आणि पुष्कळांची यूएसबी-सी फक्त चार्जिंगपुरती असते. खोक्यावर हे ठळक लिहिलेलं असेलच असं नाही, माहितीपुस्तिकेत शोधावं लागतं.