पुण्याच्या पाण्यावर सॉफ्ट कोरल टँक: उन्हाळा ते दिवाळी वापरून झाल्यावर

समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा, कोरल (प्रवाळ) पाळायचा घरगुती टँक. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर १९० लिटर, पण रॉक आणि वाळू घातल्यावर खरं पाणी दीडशेच्या आसपासच राहतं. खाली छोटा संप (फिल्टरची खालची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप), वर एलईडी. रॉक सगळा कोरडा आणलेला. कोरल फक्त सॉफ्ट: झोआ, मशरूम, झेनिया आणि एक टोडस्टूल लेदर. हॅमर, अक्रोपोरा असे कठीण सांगाड्याचे कोरल का नाही, असं बरेच जण विचारतात. कठीण सांगाड्याचे सगळे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, पंख्यासारखे पसरणारे सी फॅनसुद्धा. दुकानात "चालतं हो, सगळेच ठेवतात" असं ऐकायला मिळतं. चालत नाही. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीचे थोडेसे कोरल हलवायचे होते, तर त्यालाही वनखात्याची परवानगी लागली होती.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे आरओ-डीआय युनिट: आधी आरओचा मेम्ब्रेन (बारीक पडदा) क्षार अडवतो, मग डीआय रेझिनचे दाणे उरलेले क्षार शोषतात. आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी आलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर शंभराच्या आत असतो. मे महिन्यात टँकर सुरू झाले की तोच मीटर सहाशेच्या वर जातो. मेम्ब्रेन चांगला असला तरी ९५-९७ टक्केच अडवतो. म्हणजे सहाशेचे वीस-तीस उरतात आणि ते सगळं ओझं डीआय रेझिनवर पडतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने टिकणारं रेझिन टँकरच्या दिवसांत बघता बघता संपून रंग बदलतं, हे बजेट आधीच धरून ठेवा.

"घरात आरओ आहेच की" म्हणणाऱ्यांसाठी: स्वयंपाकघरातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींमध्ये तर कॉपरची कार्ट्रिज असते. तांबं माणसाला चालतं, पण गोगलगाय, कोळंबी आणि कोरल त्यात मरतात.

दुसरी गोष्ट प्रेशरची. मेम्ब्रेनच्या पाकिटावर लिहिलेला वेग साधारण ६० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं एकक) धरून दिलेला असतो. गच्चीवरच्या टाकीपासून तुमचा नळ दहा मीटर खाली असेल तर मिळतात जेमतेम चौदा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बूस्टर पंप घ्याच. त्याशिवाय पाणी थेंब थेंब येतं, टीडीएसही नीट उतरत नाही आणि युनिट खराब आहे असं वाटत राहतं. वाया जाणारं पाणी आम्ही बादल्यांत धरतो, ते लादी पुसायला आणि संडासात जातं.

मीटरवर शून्य आलं म्हणजे सगळं निभावलं असं नाही. रेझिन संपत आलं की सिलिकेट सर्वात आधी निसटतं आणि ते टीडीएस मीटरला जवळजवळ दिसतच नाही. वाळूवर तपकिरी भुकटी परत परत धरत असेल तर रीडिंगची वाट न बघता रेझिन बदला. नव्या टँकमध्ये सुरुवातीला एकदा ही भुकटी धरते आणि आपोआप जाते, तिच्यामागे लागू नका.

खरा छळ झाला तो पावसाळ्यात. दुपारपर्यंत रॉकवर तपकिरी शेंबडासारख्या तारा लोंबायच्या, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. दिवे मालवल्यावर निम्म्या गायब, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. झोआ मिटलेल्या, दोन गोगलगाई उताण्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. दुकानदाराचा सल्ला: पाणी बदला, फॉस्फेट रिमूव्हर टाका. शेवाळ असतं तर ठीक होतं. हे डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव) होते, आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट उरलं नाही की यांना रान मोकळं मिळतं.

ओळखायची सोपी युक्ती अशी. तो चिकटा सिरिंजने ओढून टँकच्याच पाण्यात घाला, बाटली जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनो. डायनोची नेमकी जात कोणती हे कळायला मायक्रोस्कोप लागतो. भाचीच्या कॉलेजातल्या मायक्रोस्कोपखाली पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या पेशी दिसल्या, एका टोकाला बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगरणाऱ्या. ही ऑस्ट्रिओप्सिस. रात्री ही पाण्यात तरंगते, म्हणून यूव्ही लॅम्प (पाणी अतिनील प्रकाशाजवळून नेणारा दिवा) उपयोगी पडतो. अँफिडिनियम ही दुसरी जात असती तर ती वाळूतच बसून राहते, मग यूव्हीचे पैसे पाण्यात.

यूव्ही लावला, पाणी बदलणं थांबवलं, स्किमर कमी केला, खाणं वाढवलं आणि पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण थोडं थोडं घातलं. डायनोंच्या विषारी द्रव्यांसाठी कार्बन (ती शोषणारा कोळसा) चालू ठेवला. नायट्रेट लवकर वर आलं. फॉस्फेट काही केल्या टिकेना, कारण नवा कोरडा रॉक ते शोषून घेतो. त्याचं पोट भरेपर्यंत रोज द्यावं लागलं. मग तारा विरळ झाल्या, आणि आधी हिरवं शेवाळ आलं. ते बघून इतका आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला.

टेस्ट किटबद्दल. नायट्रेटला रंग जुळवून बघायचं साधं सॅलिफर्ट कंपनीचं किट पुरतं. कमी रीडिंगसाठी बाटलीतून आडवं बघायचं आणि आकड्याला दहाने भागायचं. फॉस्फेटला मात्र रंग जुळवण्यात अर्थ नाही, ० आणि ०.०५ पीपीएममधला (दशलक्षात इतके भाग) फरक ट्यूबलाइटखाली कुणाला दिसतो? मी हॅना कंपनीचा अल्ट्रा लो रेंज चेकर (अगदी कमी फॉस्फेट मोजणारा डिजिटल मीटर) घेतला. रसायनाच्या पुडीचा कोपरा झटकून पूर्ण रिकामा करा, नमुन्याच्या काचेच्या बाटलीवरचे बोटांचे ठसे पुसा, आतले बुडबुडे जाऊ द्या. तरीही त्याची अचूकता ±०.०२ आहे, म्हणून ०.०३ चं ०.०५ झालं की धावपळ करू नका. मी ०.०५ ते ०.१ मध्ये खूश असतो, नायट्रेट पाच ते दहा.

तापमानाचं सांगायचं तर पंख्यावर एप्रिल निघाला. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन डिग्री सहज उतरतात. जून लागला आणि हवेत ओल आली की तोच पंखा फक्त आवाज करतो. मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी सरळ चिलर घ्यावा. पंख्याने बाष्पीभवन भरपूर होतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो, तेव्हा ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हवाच, आणि त्यात आरओ-डीआयचं गोडं पाणीच. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर लावून थांबू नका, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणाने तपासा.

लेदरबद्दल एक विचारणा नेहमी येते. आठवडाभर मिटून बसतो, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो, मेला असं वाटतं. तो कात टाकत असतो. वेव्हमेकरचा झोत जरा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा निघून जाईल. झोआंना मात्र हातमोज्यांशिवाय हात लावू नका, आणि झोआ असलेला रॉक कधीही उकळू नका. काही जातींतल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ अख्ख्या घराला दवाखान्यात पोचवू शकते.

पुन्हा घेईन: बूस्टरसकट आरओ-डीआय, फॉस्फेट चेकर, ऑटो टॉप-अप. घेणार नाही: बाटलीतले "कोरल बूस्टर" आणि पीएच वाढवणारी पावडर. पावसात खिडक्या बंद असल्या की खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच ७.८ पर्यंत खाली येतो, एक खिडकी उघडली की चढतो. यूव्ही सध्या बंद करून कपाटात आहे. मित्राच्या टँकमध्ये तशाच तारा दिसू लागल्यात, पण आधी फिल्टर पेपर, मग लॅम्प, असं त्याला सांगितलंय.