मूत्राशय काढायचं की वाचवायचं?

कॅन्सरची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलीय, पण शरीरात इतरत्र पसरलेली नाही, अशा वेळी दोन वाटा असतात. (वरवरच्या गाठीचं वेगळं असतं. ती दुर्बिणीतून खरवडतात, गरजेप्रमाणे आत बीसीजी (क्षयरोगाची लस) सोडतात आणि मूत्राशय सहसा राहतं.)

पहिली वाट म्हणजे मूत्राशय काढणं. पुरुषांत सोबत प्रोस्टेट जातं, स्त्रियांत बऱ्याचदा गर्भाशय. झेपत असेल तर आधी किमो देतात. पुढे लघवीची सोय आतड्याच्या तुकड्यातून होते: पोटावर पिशवी, नाहीतर आतच नवं मूत्राशय. लोकांना पिशवीची धास्ती वाटते, पण नवं मूत्राशयही फुकट मिळत नाही. ते भरल्याची नेहमीसारखी जाणीव होत नाही. घड्याळ बघून जायचं, पोटावर जोर देऊन रिकामं करायचं, रात्री गजर लावून उठायचं. काहींना स्वतः नळी घालावी लागते.

दुसरी वाट तिहेरी उपचारांची: दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी पूर्ण काढायची, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला किमो. रेडिएशन बहुधा चार ते साडेसहा आठवडे चालतं. त्या काळात लघवीला जळजळ, घाई, जुलाब, थकवा हे बऱ्याचदा होतं.

आयुष्य किती, हा खरा प्रश्न. दोन्ही उपचार चालले असते अशा ७२२ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी आजार इतरत्र न पसरलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ७५ टक्क्यांच्या आसपास होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, ही त्यातली उणीव. पण 'वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ' हे आता सरसकट म्हणता येत नाही.

मात्र ही वाट सगळ्यांना खुली नसते. एकच, फार मोठी नसलेली गाठ, दोन्ही मूत्रपिंडांना सूज नाही, आतल्या अस्तरात कॅन्सर विखुरलेला नाही आणि मूत्राशय नीट चालतंय, असे रुग्ण तिला योग्य. आधीच दर तासाला धावावं लागत असेल, तर वाचवून काय मिळवणार?

शिवाय वाचवलेल्या मूत्राशयात कॅन्सर परत येऊ शकतो. त्या अभ्यासात अशा १३ टक्के रुग्णांना पुढे ते काढावंच लागलं, आणि रेडिएशननंतरची शस्त्रक्रिया जास्त अवघड असते. म्हणून पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून तपासणी, नंतरही वर्षानुवर्षं. ती चुकवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. बाकीच्यांनी युरोलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही वेगवेगळं भेटून मगच ठरवावं.