ओंटारियोत खड्डा रिपोर्ट केला त्याचा अनुभव (५ पैकी ३.५)

आम्ही कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, टोरंटोच्या पश्चिमेला राहतो, शहराचं नाव इथे लिहीत नाही, पण ओंटारियोत कुठेही राहत असाल तरी हे उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय. रिव्ह्यू आहे आमच्या शहराच्या रस्ते तक्रार सेवेचा, म्हणजे फोन आणि ॲप दोन्हीचा.

फेब्रुवारीत मधेच चार दिवस ऊन पडलं आणि परत उणे १२, आणि आमच्या बस स्टॉपसमोर रस्ता फुटला. आपल्याकडे खड्डे पावसाळ्यात पडतात, इथे ते असे थंडी जरा सैल झाली की पडतात. दिवसा रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बर्फ वितळतं, पाणी डांबराच्या भेगेतून खाली जातं, रात्री गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि वरचा थर उचलतं, सकाळी वितळलं की खाली पोकळी, वरून बस गेली की खड्डा. असं दहा-बारा वेळा झालं की संपलंच.

मी आधी काही केलं नाही, वाटलं शहराच्या गाड्या रोज जातात, त्यांना दिसेलच. मग एका रात्री आपलाच एक मुलगा, नाशिकचा, इथे शिकतो आणि ई-बाईकवर जेवण पोचवतो, त्या खड्ड्यात पडला. खड्ड्यात पाणी भरलेलं, वरून साधं डबकं दिसत होतं. मनगटाला लागलं त्याच्या. आमच्या दारातच उभा होता थरथरत, आणि म्हणाला, "काकू, ऑर्डर सांडली हो, आता काय करू?" तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण तो खड्डा मी आठवडाभर बघत होते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले आणि मोजला. ४० बाय ३० सेंटीमीटर, खोली ९. फोन लावला. फोनवरच्या बाईंना पूर्ण मार्क, रस्ता, जवळचा घर नंबर, कुठल्या दिशेची लेन, माप, सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि मला समजावलं की ओंटारियोचा एक नियम आहे, २३९/०२, त्यात रहदारी आणि वेगमर्यादेनुसार रस्त्यांचे वर्ग पाडलेत. आमचा रस्ता वर्ग ४. अशा रस्त्यावर खड्डा १००० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा आणि ८ सेंटीमीटरपेक्षा खोल असेल तर १४ दिवसात बुजवायचा. सगळ्यात वरच्या दोन वर्गांना ४ दिवस, वर्ग ३ ला ७, आणि वर्ग ५ ला ३०. आणि ही मुदत खड्डा पडल्यापासून मोजत नाहीत, शहराला कळल्यापासून मोजतात!

हे मला माहीतच नव्हतं आणि बऱ्याच जणांना नसेल. कोणी सांगितलंच नाही आणि त्यांच्या पाहणीतही आला नाही तर त्यांचं घड्याळ सुरूच होत नाही. आमच्या शेजाऱ्यांचा टायर आणि रिम दोन्ही गेले होते त्याच खड्ड्यात, त्यांनी भरपाई मागितली, उत्तर आलं की आम्हाला तोपर्यंत कळलं नव्हतं, नियम पाळलाय, त्यामुळे भरपाई नाही. कायद्याने ते बरोबर आहे, पण आठवडाभर अख्खी गल्ली तो खड्डा चुकवत होती आणि एकानेही फोन केला नव्हता, मी धरून. भरपाईचा अर्ज करायचा असेल तर घटनेनंतर १० दिवसात लेखी कळवावं लागतं, तारीख, वेळ, नेमकी जागा लिहून, हेही लक्षात ठेवा.

फोननंतर सहाव्या दिवशी रात्री ट्रक आला. दोन माणसं, उणे १५ मध्ये, पाणी झाडून काढलं, कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचं डांबर-खडीचं मिश्रण, फावड्याने भरलं, ट्रकचं चाक वरून फिरवलं. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले हे फक्त तात्पुरतं, हिवाळ्यात गरम डांबराचे प्लांट बंद असतात, पक्कं काम वसंतातच. त्या दोघांना ५ पैकी ५, त्यात मी काहीच कापणार नाही.

मार्क कापले ते ॲपसाठी. नऊ दिवसांनी बर्फ काढणाऱ्या प्लाऊने तो तुकडा उखडून नेला, तेव्हा मी ॲपवरून कळवलं. नकाशावरची जागा दाखवणारी पिन आपोआप कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्यावर जाऊन बसली, तो रस्ता रीजनचा, म्हणजे आसपासच्या शहरांच्या वरच्या प्रादेशिक प्रशासनाचा, शहराचा नाही, तर दोन दिवसात तक्रार बंद, "आमचा रस्ता नाही". अहो मग पुढे पाठवा ना, तिघांचे रस्ते एकमेकाला चिकटलेले, शहराचा, रीजनचा आणि हायवे प्रांताचा, माणसाने कुठे कुठे शोधायचं? परत फोन, परत नंबर, परत कोल्ड मिक्स.

म्हणून सांगते, पिन हाताने हलवून बघा, फोटोत बूट नाहीतर टेप ठेवा म्हणजे माप कळतं, तक्रारीचा नंबर जपून ठेवा, आणि "पूर्ण" असा मेसेज आला तरी स्वतः जाऊन बघा. टोरंटो शहरात राहत असाल तर ३११ लावा, इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मिळतो, आईबाबा इथे असतील तर त्यांनाही सांगा, सकाळी चालायला तेच जातात आणि खड्डे त्यांनाच आधी दिसतात.

मे महिन्यात कडा चौकोनी कापून गरम डांबर टाकलं, रोलर फिरवला, अजून सपाट आहे. तो मुलगाही बरा आहे. पुढच्या मॅनहोलच्या कडेला एक भेग रुंद होतेय, काल मोजली, २२ बाय १५, खोली ४. नियमाच्या मापात बसत नाही, पण थंडी पडायच्या आत भेग बुजवा म्हणून फोन करून ठेवलाय, नंबर मिळालाय.