चो ओयू की मनासलू: तारीख कुणाच्या हातात?

शिरपूरच्या एका पोराचा मागे फोन आला. गिर्यारोहणाचे बेसिक, ॲडव्हान्स दोन्ही कोर्स झालेले, दोन सहा-हजारी आणि एक सात-हजारी शिखर झालेलं, घरच्यांना पटवून पैसेही जमवलेले. "भाऊ, पहिलं आठ-हजारी कोणतं करू? चो ओयू का मनासलू?" अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "डोंगराबद्दल पाच मिनिटं बोलले असाल, बाकी सगळं पासपोर्टबद्दल." खरंच होतं ते. म्हणून जरा नीट लिहून काढतोय.

मी दोन्हीकडे जाऊन आलोय. २०१८ साली चो ओयू. कॅम्प २ वरून, म्हणजे सात हजारांच्या थोडं वरून, परत फिरलो. २०२३ साली मनासलू. तिथे माथ्यापर्यंत पोचलो. तेव्हा माझा काटा आधीच एका बाजूला कललेला आहे, हे धरूनच वाचा. आणि धरणगावला माझी कापसाची छोटी जिन आहे. हे आत्ता का सांगतोय ते पुढे कळेल.

उंचीचे आकडे तुम्हाला पाठ असतील. चो ओयू ८,१८८ मीटर आणि मनासलू ८,१६३. पंचवीस मीटरसाठी कुणी शिखर निवडत नाही. बहुतेक मोहिमांचा सीझनही एकच, सप्टेंबर. दोन्हींना लोक 'सोपं आठ-हजारी' म्हणतात. म्हणणारे बहुतेक खालीच बसलेले असतात.

नुसता डोंगर बघायचा तर चो ओयू मला जास्त सरळ वाटला. तिबेटच्या बाजूने चढ एकसारखा. कॅम्प १ च्या वर एक हिमकडा लागतो, तिथे जुमार, म्हणजे दोरावर वर सरकवायची पकड, ओढताना जीव घशाशी येतो; कॅम्प ३ च्या वर पिवळसर खडकाचा पट्टा आहे असं ऐकलंय, मी तिथवर गेलो नाही. बाकी चालत राहायचं. हवा कोरडी, कारण पावसाचे ढग नेपाळातच रिकामे होऊन येतात. माथा म्हणजे भलंमोठं पठार, आणि त्यावर एव्हरेस्ट दिसेपर्यंत चालत जायचं. १९५४ साली हर्बर्ट टिची, योझेफ योख्लर आणि पासांग दावा लामा हे तिघं बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय इथे चढले. चारच वर्षांनी केकी बुनशाह यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मोहीम गेली. पासांग दावा लामा पुन्हा माथ्यावर, या वेळी सोनम ग्यात्सो बरोबर. दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य नंदू जयाल त्याच मोहिमेत वारले. आपल्याकडची जुनी गिर्यारोहक मंडळी हे नाव जरा जपून घेतात, ते उगाच नाही.

टिचीची माणसं नेपाळातून 'नांगपा ला' ही खिंड ओलांडून पलीकडे तिबेटात गेली होती. आपल्याला तसं जाता येत नाही, आणि माझं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं.

३१ ऑगस्टला काठमांडूत उतरलो. चीनचा व्हिसा गटाच्या नावाने निघतो, सोबत तिबेटचा परवाना, आणि त्यासाठी सगळ्यांचे पासपोर्ट जमा करायचे. दोन-तीन दिवसांचं काम म्हणून सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातला पोरगा हसून म्हणाला, "भोलि आउँछ." नेपाळीत भोलि म्हणजे उद्या. चौथ्या दिवशी भोलि, पाचव्या दिवशी भोलि. चूक कुणाची म्हणावी? त्याच्या हातात काही नव्हतं, माझ्याही नव्हतं. कागद कुठेतरी अडकला होता आणि कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

अकरा दिवस. थामेलमधल्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन डफल बॅगा भिंतीला टेकवून. बाहेर पाऊस. तेवढ्या दिवसांत लांगटांगला जाऊन चार हजारांवर तीन-चार रात्री झोपून आलो असतो तर शरीर तरी तयार झालं असतं. पण कागद आला की त्याच दिवशी निघायचं, म्हणून हलायचं नाही. सकाळी आलू पराठा, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून हॉटेलचा जिना वर-खाली. रिसेप्शनवाल्याने पहिले दोन दिवस कौतुकाने पाहिलं, नंतर पाहणं सोडलं. संध्याकाळी मुनीमजींचा फोन: "शेठ, मुहूर्ताला आहात ना?" आमची जिन दसऱ्याला सुरू होते. मशीनची पूजा झाली की कापसाच्या गाड्या लागतात, आणि त्या दिवसापासून होळीपर्यंत मालक गावात नसेल तर धंदा दुसऱ्याच्या दारात जातो. त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला होता.

गंमत अशी की या सगळ्यात सुरुवात पुढे सरकते, शेवट सरकत नाही. परतीची तारीख, याक ठरवलेला दिवस, वरचा दोर लावणाऱ्या तिबेटी पथकाचं वेळापत्रक, सगळं जागच्या जागी. मधले अकरा दिवस गेले ते माझ्या शरीराच्या खात्यातून.

मग जीप. रसुवागढीला सीमा ओलांडली, घड्याळ सव्वादोन तास पुढे केलं, आणि ज्या दिवशी घरी गणपती बसले त्या दिवशी मी केरुंगच्या हॉटेलात भिंतीकडे बघत होतो. तिथून टिंगरी, ४,३०० मीटर, बसल्या-बसल्या. धरणगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. आपल्याकडची माणसं सराव कुठे करणार? लळिंगच्या किल्ल्यावर, फार तर साल्हेरवर, १,५६७ मीटर. पाय तयार होतात, रक्त होत नाही. ४५ अंशांचं ऊन सोसण्याची सवय तेवढी कामाला येते. दुपारी बर्फावर जेव्हा भट्टी पेटते तेव्हा युरोपातले लोक कासावीस होतात आणि आपण जाकीट काढून निवांत चालतो. पण उंचीला त्याचं काही नाही.

चो ओयूचा पुढचा बेस कॅम्प ५,७०० च्या आसपास आहे, आणि मुक्काम तिथेच. त्या उंचीवर जखम भरत नाही, खोकला जात नाही, भूक मरते. आईने ज्वारीचे बिबडे दिले होते. स्वयंपाक्याने तळून समोर ठेवले. एक तुकडा तोंडात फिरवत बसलो, गिळता येईना. खाली जाऊन सावरावं म्हटलं तर खाली म्हणजे ४,९०० वरचं रिकामं मैदान, गाडी कुणाची ते विचारा, अधिकाऱ्याला विचारा. २९ सप्टेंबरला कॅम्प २ ला हात लावून आलो. आणखी पाच-सहा दिवस मिळाले असते तर कदाचित झालं असतं. कदाचित म्हणतोय, आमच्याच गटातले दोघे, तेवढेच दिवस वाया गेलेले असताना, माथ्यावर जाऊन आले. दोघेही उंच गावांतले होते, एवढंच मी मनाला सांगतो.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलंच. २०२० पासून तीनेक वर्षं तिबेटची बाजू परदेशी गिर्यारोहकांना बंद राहिली. आपली कैलास-मानसरोवर यात्रा बंद पडली ती थेट २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली. आणि लगेच जुलैत भोटेकोशीला पूर येऊन रसुवागढीचा पूलच वाहून गेला. उद्या सगळं सुरळीत होईल, होतंच. प्रश्न इतकाच की ते तुमच्या रजेच्या आत होईल का.

मनासलूला २०२३ मध्ये गेलो तेव्हा पहिला आनंद किती साधा होता सांगू? पासपोर्ट माझ्या खिशात होता. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. शिखराचा परवाना एजन्सी काढते, त्यात फारसा अडथळा येत नाही. ठरलेल्या दिवशी निघालो, ठरलेल्या दिवशी चालायला लागलो. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सुनौली, मग बस. विमानात जादा सामानाचे जे पैसे जातात ते वाचले, आणि बूट, दोर, डाऊन सूट सगळं डोळ्यांसमोर बर्थखाली. हा प्रवास सगळ्यांना मानवेल असं नाही. सुनौलीच्या पुढचा रस्ता कंबर मोडतो.

आता मनासलूचे दोष. झाकणार नाही, कारण ते बारीक नाहीत.

पाऊस. माच्छाखोलापासून वर सामागावपर्यंत आठवडाभर भिजत चाललो. जळवा मोज्यात शिरतात आणि संध्याकाळी बूट काढल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. पैसेवाले हेलिकॉप्टरने थेट सामागावला उतरतात. उतरू देत, त्यांची डोकी दुखतात. बेस कॅम्पवर तर रात्र-रात्र बर्फ. झोपेत एकदम आवाज यायचा, ट्रकमधून सरकी ओततात तसा, आधी खसखस आणि मग सगळं एकदम. मी पहिल्या रात्री अर्धा जागा होऊन "कुणाची गाडी लागली?" म्हणालो. शेजारच्या तंबूतला शेर्पा हसला. तो आवाज समोरच्या कड्यावरून हिम कोसळल्याचा होता. आणि यात हसण्यासारखं फार नाही: २०१२ च्या २३ सप्टेंबरला पहाटे कॅम्प ३ वर असंच कोसळलं आणि अकरा माणसं गेली. चो ओयूच्या नेहमीच्या वाटेवर हा धोका कमी आहे असं जाणकार म्हणतात, आणि मलाही तसंच वाटलं. ज्याच्या घरी हा एकच मुद्दा अडतो त्याने मनासलूचा हट्ट धरू नये.

गर्दी. तिबेट बंद होती तेव्हा सगळा लोंढा इकडे वळला. बेस कॅम्प म्हणजे सारंगखेड्याची जत्रा, फक्त घोडे नाहीत. कॅम्प १ आणि २ च्या मध्ये हिमभेगांवरून शिड्या आणि उभे टप्पे आहेत. तिथे एक जण जुमारशी झटापट करत उभा राहिला की मागे वीस माणसं गारठतात. मी एकदा चाळीस मिनिटं उभा होतो.

आणि माथ्याची भानगड. वर्षानुवर्षं बहुतेक लोक शेवटच्या धारेच्या अलीकडच्या उंचवट्यावर थांबून, फोटो काढून परत यायचे. २०२१ मध्ये वरून काढलेल्या ड्रोनच्या फोटोत खरा माथा पुढे आहे हे सगळ्या जगाला दिसलं. २०२२ पासून हिमालयन डेटाबेसमध्ये खऱ्या माथ्यावर गेलेल्यांचीच नोंद होते. म्हणून पैसे भरायच्या आधी एजन्सीला एक प्रश्न स्पष्ट विचारा: दोर शेवटपर्यंत लागणार ना? तो शेवटचा तुकडा लहान आहे, पण आडवा आहे आणि खाली काही नाही. माझे पाय तिथेच लटपटले, त्याआधी नाही.

एवढं सगळं असूनही मनासलूकडे एक गोष्ट आहे जी चो ओयूकडे नाही: खाली गाव आहे. बेस कॅम्प ४,८०० च्या आसपास, आणि तिथून दोन-तीन तास उतरलं की सामागाव, ३,५०० वर. रोटेशन, म्हणजे उंचीच्या सवयीसाठी वरच्या कॅम्पवर जाऊन येणं, झाल्यावर मी खोकत-खोकत उतरलो, कुणाची परवानगी न घेता. तीन रात्री राहिलो. घराघरात चूल, उकडलेले बटाटे, मिरचीची चटणी आपल्या ठेच्याची मावसबहीण. डफलच्या तळाशी बिबडे होते. घरमालकीणबाईंना म्हटलं तळून द्या. त्यांनी कुतूहलाने एक घेतला, मग त्यांच्या पोरांनी घेतले, आणि मी बाकीचे सगळे खाल्ले. चौथ्या दिवशी वर चढताना पाय वेगळे होते. ऑक्सिजन, औषधं, व्यायाम यांचं श्रेय त्यांना द्यावं, पण मी माझ्यापुरतं श्रेय त्या तीन रात्रींना देतो.

दसऱ्याच्या दोन आठवडे आधी मी धरणगावात होतो. नाकाची साल निघालेली, वजन नऊ किलो कमी. मुनीमजींनी पाहून फक्त एवढंच विचारलं, "बेल्ट बदलायचा आहे ना यंदा?"

पुढे एव्हरेस्ट मनात असेल तर आणखी एक गोष्ट कानावर असू द्या. एव्हरेस्टचा परवाना मागणाऱ्याने आधी नेपाळातलं सात हजारांवरचं शिखर केलेलं असावं, असा प्रस्ताव नेपाळमध्ये २०२५ साली पुढे आला. तो पक्का झाला तर मनासलू त्यात सरळ बसतं. ज्यांना उत्तरेकडूनच एव्हरेस्ट करायचंय, सुरेंद्र चव्हाण १९९८ साली गेले त्या बाजूने, त्यांना चो ओयूचा एक फायदा नक्की आहे: तिबेटची हवा, जीपचा प्रवास, अधिकाऱ्यांची पद्धत, सगळ्याची आधीच सवय होते.

खर्चाचं एवढंच सांगतो की चो ओयू महाग पडतो, आणि थांबलेल्या दिवसांचं हॉटेल बिल कोटेशनमध्ये नसतं.

कुणी निवृत्त असेल, शेती भावाकडे असेल, नोव्हेंबरपर्यंत कुणी वाट बघणारं नसेल, तर चो ओयूला जावं. कोरडी हवा, बरी वाट, समोर एव्हरेस्ट. मी तो माथा पाहिलेला नाही, याची चुटपुट आहेच. कॅम्प २ वरून काढलेला एक फोटो जिनच्या ऑफिसात लावलाय. गाडीवाले विचारतात, हेच का शिखर, आणि मी नाही म्हणतो.

शिरपूरचा पोरगा खासगी शाळेत शिक्षक आहे. रजा पंचेचाळीस दिवस, तीही बिनपगारी. त्यातले किती दिवस थामेलच्या तिसऱ्या मजल्यावर बसायची तयारी आहे, एवढंच मी त्याला शेवटी विचारलं होतं. काल रात्री त्याचा मेसेज आला: भाऊ, कुशीनगरचं तिकीट किती दिवस आधी काढावं लागतं?