शिपाई, फौजदार, डीवायएसपी की आयपीएस? दार निवडण्याआधी

भरतीच्या ग्राउंडवर पहाटे पाचला धावणाऱ्या मुलामुलींशी बोललं, की त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या सॅकमध्ये एमपीएससीची पुस्तकंही निघतात. काय करताय म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "दोन्ही चालू आहे, जे आधी होईल ते." या उत्तराची मला काळजी वाटते. महाराष्ट्र पोलिसांत शिरायची चार दारं आहेत, आणि प्रत्येक दारातून आत गेल्यावर मिळणारं आयुष्य इतकं वेगळं आहे, की "जे आधी होईल ते" म्हणण्याआधी चारही बाजूंनी पाहायलाच हवं.

आधी कोरडे आकडे. शिपायासाठी बारावी पुरते, खुल्या गटाला वयोमर्यादा १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. ५० गुणांचं ग्राउंड आणि १०० गुणांचा मराठीतला पेपर. फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, व्हायला पदवी हवी. वय १९ ते ३१, मागासवर्गीयांना ३४ पर्यंत. एमपीएससीची पूर्व, मुख्य, मैदान आणि मुलाखत असा तो प्रवास. एमपीएससीच्याच राज्यसेवा परीक्षेतून थेट पोलीस उपअधीक्षक, म्हणजे डीवायएसपी, होता येतं, तिथे खुल्या गटाला ३८ पर्यंत मुभा आहे. आणि चौथं दार आयपीएसचं, म्हणजे यूपीएससीचं: वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहाच संधी. सुरुवातीचं मूळ वेतन शिपायाला २१,७००, उपनिरीक्षकाला ३८,६००, उपअधीक्षकाला ५६,१००, आणि आयपीएसलाही ५६,१००च. शेवटचे दोन आकडे सारखे आहेत हे अनेकांना ठाऊकच नसतं.

निवड पगारावर करू नये असं मी म्हणणार नाही. घरी कर्ज असेल तर पगारच आधी येतो. पण ज्याला थोडी उसंत आहे त्याने दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. माणसांची जबाबदारी माझ्यावर कितव्या वर्षी यावी असं मला वाटतं? आणि त्यासाठी घरापासून किती लांब राहायची माझी तयारी आहे?

शिपाई आणि थेट फौजदार यांची तुलना इथेच सर्वांत स्पष्ट होते. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झालं आणि शिपायाची शिडी सोपी झाली: शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक, उपनिरीक्षक. ढोबळ हिशेब दहा, वीस, तीस वर्षांचा. विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा तिशीत हवालदार, चाळिशीत सहायक उपनिरीक्षक आणि पन्नाशीच्या आसपास ग्रेड पीएसआय, म्हणजे सेवेच्या बळावर झालेला उपनिरीक्षक, तेही सेवेच्या अटी पूर्ण झाल्या तर. तेच दोन तारे थेट परीक्षा देणारा पंचविशीत खांद्यावर लावतो. मध्ये पंचवीस वर्षांचं अंतर आहे. पूर्वी कित्येक शिपाई उपनिरीक्षक न होताच निवृत्त व्हायचे, त्या मानाने आजची स्थिती खूप चांगली आहे. तरीही "आधी शिपाई होतो, मग आपोआप साहेब होईन" या हिशेबातला "आपोआप" किती लांबचा आहे हे कागदावर मांडून बघा.

याच्या उलट, शिपायाला जे मिळतं ते बाकीच्या तिघांना मिळत नाही. भरती जिल्हा किंवा आयुक्तालयाच्या घटकानुसार होते, त्यामुळे सगळी नोकरी बहुधा त्याच घटकात जाते. एका ठिकाणी साधारण पाच वर्षांचा कार्यकाळ. आईवडील म्हातारे आहेत, शेती आहे, त्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. फौजदाराची गणना राज्यभराच्या संवर्गात होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा कार्यकाळ एका ठाण्यात दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात आठ असा धरला जातो. सांगलीचा मुलगा गोंदियात, मग नांदेडात, मग रायगडात. मुलांच्या शाळा बदलत राहतात, आणि हे लग्न ठरवताना सासरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

बंदोबस्त, गणपती, निवडणुका, रात्रपाळ्या यांचा भार शिपायावर सर्वांत जास्त पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि तो पुढे मुंबईत पसरला. २०२२ मध्ये किरकोळ रजा १२ वरून २० दिवसांवर गेली. सुधारणा खऱ्या आहेत, पण ठाण्यात माणसं कमी असली की रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हेही खरंच.

शिपायाच्या पदात नेतृत्व नसतं असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० ही नक्षलविरोधी तुकडी उभी राहिली, ती स्थानिक तरुणांना घेऊन. तिथल्या तुकड्या आजही त्यांच्या कमांडरच्या नावाने ओळखल्या जातात, आणि त्या कमांडरांमध्ये शिपाई म्हणून भरती झालेली माणसं आहेत. जंगलात तुकडीने कुठे थांबायचं आणि कुठून परतायचं, हा निर्णय ते घेतात. शहरातही चांगला बीट अंमलदार, म्हणजे ठाण्यातल्या एका भागाची जबाबदारी असलेला पोलीस, दंगल होण्याआधी चार घरी जाऊन ती शमवतो. मला खंत एवढीच, की या माणसांना नेतृत्वाचं रीतसर प्रशिक्षण सर्वांत कमी मिळतं. नानवीज, जालना, खंडाळा अशा केंद्रांत कवायत, कायदा, शस्त्र शिकवलं जातं. लोकांना सांभाळायचं कसं, हे शिपाई पुढे एखाद्या जुन्या हवालदाराकडून शिकतो. तो हवालदार चांगला भेटला तर नशीब.

फौजदाराला मात्र पहिल्या दिवसापासून माणसं सांभाळायची असतात. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत त्याचं प्रशिक्षण होतं आणि मग तो ठाण्यात येतो. गुन्ह्याचा तपास त्याच्या नावावर असतो. पंचनाम्यावर सही त्याची, दोषारोपपत्र त्याचं, कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचं तेही त्यानेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर झडतीचं चित्रीकरण, गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथक, या सगळ्याची जबाबदारी तपासी अधिकाऱ्यावर आणखी वाढली. आणि हाताखाली कोण? ज्याची नोकरी याच्या वयाएवढी आहे असा हवालदार. त्याला "दादा, तुमचं काय मत?" असं विचारता आलं पाहिजे, आणि मग निर्णय स्वतः घेता आला पाहिजे. मला विचाराल तर चारही पदांत शिकण्याची घनता सर्वाधिक इथेच आहे. ज्याला गुन्हा उलगडण्यात रस आहे त्याने हेच दार धरावं.

शिपाई असतानाच फौजदार व्हायची एक मधली वाट आहे: खात्यातल्यांसाठी एमपीएससीची मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षा. काही वर्षांची सेवा आणि वयाची अट पूर्ण करणाऱ्याला ती देता येते. या परीक्षेचे नियम बदलत आले आहेत, म्हणून फक्त तिच्या भरवशावर शिपाई होऊ नका. पण नोकरीत असाल तर अभ्यास सोडूही नका.

उपअधीक्षक आणि आयपीएस यांची तुलना वेगळ्या पातळीवरची आहे. सुरुवातीला दोघेही उपविभाग सांभाळतात, म्हणजे अनेक पोलीस ठाणी. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचं, म्हणजे मोक्काचंही तसंच. म्हणजे या खुर्चीतल्या माणसाचा निष्काळजीपणा थेट पीडितांना भोगावा लागतो. फरक पुढे पडतो. आयपीएस काही वर्षांत जिल्ह्याचा अधीक्षक होतो आणि महासंचालकपदापर्यंत रस्ता उघडा असतो. सेवेच्या ठराविक टप्प्यांवर त्याला हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत परत बोलावून प्रशिक्षण दिलं जातं. नेतृत्वाची इतकी पद्धतशीर घडण दुसऱ्या कुठल्याच दारातून होत नाही. राज्यसेवेचा अधिकारीही पदोन्नतीने आयपीएस होतो, कारण वरिष्ठ पदांतला एक तृतीयांश वाटा राज्य सेवेतल्यांसाठी असतो, पण तोवर बरीच वर्षं जातात आणि सर्वांत वरच्या खुर्च्या बहुधा हातातून निसटतात.

मग राज्यसेवा का घ्यावी? कारण ती महाराष्ट्राची आहे. यूपीएससीत रँक मिळाली तरी केडर, म्हणजे नोकरी करायचं राज्य, महाराष्ट्रच मिळेल याची हमी नाही. मणिपूर किंवा तमिळनाडूत तीस वर्षं, त्या भाषेत, त्या लोकांत काम करायची मनापासून तयारी असेल तरच आयपीएस मागा. फक्त "आपल्या जिल्ह्याचा एसपी" व्हायचं स्वप्न असेल, तर ते स्वप्न यूपीएससीच्या भरवशावर ठेवू नका. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे दोन्हींचा अभ्यास पूर्वीपेक्षा जवळ आला, हा एक दिलासा.

मुलींनी एक गोष्ट क्लास लावायच्या आधी करावी: अनवाणी उभं राहून उंची मोजावी. शिपाई भरतीत महिलांना १५५ सेंमी लागते, फौजदार आणि उपअधीक्षक पदाला १५७, आयपीएसला १५०. म्हणजे १५६ सेंमी उंचीच्या मुलीला मधली दोन्ही दारं बंद, आणि पहिलं व शेवटचं उघडं. दोन वर्षं फौजदारकीचा अभ्यास केल्यावर मोजपट्टीखाली हे कळणं फार वाईट. मुलांना सगळीकडे साधारण १६५ लागते. प्रत्येक वर्षीच्या जाहिरातीत सवलतींचा तपशील असतो, तो ओळ न ओळ वाचा.

बावीस वर्षांचा पदवीधर, घरी पैशाची निकड, असं कुणी विचारलं तर मी सांगतो: शिपाई भरती द्या, लागलात तर रुजू व्हा, आणि वयाची ३१ ओलांडेपर्यंत फौजदाराची परीक्षा सोडू नका. घरी तीन वर्षं थांबायची ऐपत असेल तर सरळ फौजदार किंवा राज्यसेवा, ग्राउंड मात्र रोज. आणि सत्तावीस वर्षांचा, शिपाईपदाची संधी एक वर्षावर आलेली असेल, तर त्या वर्षी पहाटे ग्राउंड आणि दुपारी शिपाई भरतीचाच पेपर. एमपीएससी वर्षभर बाजूला ठेवा, तिच्यासाठी तुमच्या हातात अजून वर्षं आहेत.