पहिल्या वर्षी कोंबड्या की शेळ्या?

थोडी मोकळी जागा आहे, घरात मुलं आहेत, नोकरी सोडायची नाही, आणि हौस म्हणून काही प्राणी पाळायचं ठरलंय. अशा घरातली चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते: कोंबड्या आणि शेळ्या. गाय बहुतेकांच्या यादीतून लवकरच गळते, कारण चारशे किलोचं आणि दिवसाला बादल्यांनी पाणी पिणारं जनावर हौसेच्या मापात बसत नाही. मधमाश्यांकडे रोज बघावं लागत नाही, पण घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असली की तो विषय तिथेच मिटतो.

या दोघींची तुलना बहुतेक जण अंडी आणि दुधावरून करतात. मला ते पटत नाही. अंडी आणि दूध दोन्ही विकत मिळतं, आणि खाद्य, गोठा, कुंपण यांचा हिशेब मांडला तर विकतचंच स्वस्त पडतं. पहिल्या वर्षी विचारायचं ते असं: कुठलं काम उद्यावर ढकलता येत नाही, आणि ते घरातलं कोण करणार?

वर्ष कसं जातं

कोंबड्यांचं वर्ष लवकर सुरू होतं. एक दिवसाची पिल्लं आणलीत तर पहिला आठवडा त्यांना 32 ते 35 अंश ऊब द्यायची, मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवत न्यायची. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी पिल्लं स्वतः सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, दिव्यापासून लांब कडेला चोची उघड्या टाकून बसली तर उकडतंय, आणि सगळीकडे विखरून टिपत हिंडत असली तर सगळं ठीक. पाच-सहा महिन्यांनी पहिलं अंडं मिळतं. तेवढा धीर नसेल तर अंड्यावर यायला आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणा, काही आठवड्यांतच खोक्यात अंडं दिसेल. संकरित जातीची कोंबडी पहिल्या वर्षात 250 ते 300 अंडी देते, गावठी जातीची त्याहून बरीच कमी. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, म्हणून ती रोज थोडी उशिरा घालते आणि मग एखादा दिवस खाडा करते. पोरं तक्रार घेऊन येतील, तेव्हा हे सांगायला बरं.

शेळीचं वर्ष बऱ्याच जणांना फसवतं. तीन महिन्यांची गोंडस पाठ, म्हणजे मादी करडू, आणली तर पहिल्या वर्षी दुधाचा थेंबही मिळत नाही. पूर्ण वाढीच्या निदान साठ-पासष्ट टक्के वजन भरेपर्यंत तिला बोकड दाखवायचा नसतो, त्यातच बरेच महिने जातात. मग गाभणकाळ 150 दिवसांचा. म्हणजे दूध येतं ते दुसऱ्या वर्षी. पहिल्याच वर्षी दूध हवं असेल तर गाभण किंवा दुभती शेळी आणावी लागते, आणि मग नवख्या घराला थेट बाळंतपण किंवा थेट धारेची वेळ येते. मधला मार्ग नाही. शिवाय शेळी एकटी ठेवता येत नाही. ती कळपातली, एकटी पडली की दिवसभर ओरडते आणि खाणं टाकते. तेव्हा 'एक शेळी' असा हिशेब मांडूच नका, दोन धरा.

दिवस लहान झाले की कोंबड्यांची अंडी घटतात. त्यांना चौदा-सोळा तास उजेड लागतो. शिवाय दुसऱ्या वर्षापासून दरसाल पिसं झडतात, तेव्हा दोनेक महिने अंडी जवळपास बंद होतात. खाद्य मात्र चालूच. शेळीही विण्याआधी दोन महिने आटवावी लागते, म्हणजे तिची धार बंद करावी लागते. दोन्हींकडे रिकामे महिने असतात, एवढं धरून चाला.

रोजचं काम

इथे फरक मोठा आहे. सहा कोंबड्यांचं सकाळचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकतं: खुराडं उघडा, पाणी बदला, खाद्य टाका, अंडी उचला. एका कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य आणि पाव लिटरभर पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी दुप्पट धरा. खाली भुश्याची जाड गादी ठेवलीत तर पूर्ण सफाई क्वचितच करावी लागते. आत शिरल्यावर नाकाडोळ्यांना झोंबलं की समजायचं, गादी ओली झालीय, हवा कोंडलीय. कोंबड्यांना थंडीपेक्षा ही ओल जास्त बाधते.

न ढकलता येणारं काम एकच, अंधार पडताना खुराड्याचं दार बंद करणं. कोंबड्या स्वतःहून आत जातात, दार लावायला फक्त माणूस हवा. एक संध्याकाळ ते राहिलं आणि मुंगूस किंवा कोल्हा आत शिरला, तर सकाळी मोजायला काही उरत नाही. आपोआप बंद होणारी दारं आता मिळतात. सगळ्यात आधी कशावर खर्च करावा असं कुणी विचारलं तर मी त्याचंच नाव घेईन.

शेळीचं असं नाही. तिला दिवसाला वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा लागतो. म्हणजे तीस किलोच्या शेळीला किलोभर सुकं, किंवा त्याच हिशेबाने चार-पाच किलो हिरवं. तो आणायचा, टांगायचा आणि उरलेला काढून टाकायचा, कारण जमिनीवर पडलेला, पायाखाली आलेला पाला ती तोंडातही घेत नाही. 'शेळी काहीही खाते' असं म्हणणाऱ्याच्या घरी शेळी नसणार. भिजलेलीही तिला चालत नाही, पहिला थेंब पडला की सगळा कळप गोठ्याकडे पळतो.

आणि धार. दुभत्या शेळीची धार दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने काढायची. ताप आला, पाहुणे आले, मुलीची परीक्षा आहे, कशानेही ती टळत नाही. कास तुंबली तर कासदाहाची भीती. यातून एक सोडवणूक मात्र आहे आणि ती नवख्यांना फारसं कुणी सांगत नाही. करडं विकू नका, आईजवळच राहू द्या. ती काही आठवड्यांची झाली की रात्री वेगळी बांधा, सकाळी धार काढा आणि दिवसभर आईपाशी सोडा. दूध निम्म्याच्या आसपास मिळेल, पण संध्याकाळ मोकळी होईल. एखाद्या दिवशी कुठे जायचं असेल तर करडं रात्रीही आईपाशीच ठेवायची, धार तीच काढतील. नोकरी करणाऱ्या घरात शेळी टिकते ती बहुधा याच पद्धतीने.

सुट्टीत चार दिवस गावाला जायचं तर कोंबड्यांसाठी शेजारी पुरतो, अंडी त्यालाच देऊन टाका. दुभत्या शेळीसाठी धार काढता येणारा शेजारी लागतो. असा माणूस ओळखीत आहे का, हे शेळी आणायच्या आधी बघायचं.

कुंपण

दोघींना कुंपण लागतं, पण कारणं उलटी. कोंबडीच्या कुंपणाचं काम बाहेरच्याला अडवणं. षटकोनी भोकांची बारीक जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं आणि मुंगूस भोकातून शिरतं. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी, आणि ती फूटभर जमिनीत पुरलेली किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरलेली. शेळीचं कुंपण आतलीला अडवण्यासाठी. निदान चार फूट उंच आणि मजबूत, कारण ती रोज त्यावर पुढचे पाय ठेवून उभी राहणार आहे. शिंगवाल्या शेळ्या जाळीच्या चौकटीत डोकं घालतात आणि मागे घेताना अडकतात. शेळ्यांवरचा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च शेळीचा नसतो, कुंपणाचा असतो.

भाजीचा वाफा असेल तर त्यालाही वेगळं कुंपण घाला. कोंबडी रोपं उकरते, शेळी झाडाची सालच सोलते. खताच्या बाबतीत मात्र शेळी सरस. लेंड्या जवळपास थेट वाफ्यात घालता येतात. कोंबडीचं खत जहाल, काही महिने कुजवल्याशिवाय घातलं तर रोपं करपतात.

नर, बाळंतपण आणि मरण

घरात बोलायचा खरा विषय हाच, आणि प्राणी आणायच्या आधी बोलायचा.

अंडी उबवलीत तर 21 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सरासरी निम्मी नर असतात. पाच कोंबडे एका खुराड्यात सुखाने राहत नाहीत. पण कोंबड्यांमध्ये हा प्रश्न टाळता येतो. अंड्यासाठी कोंबड्याची गरजच नसते, नुसत्या तलंगा आणल्या की झालं. शेळीत तो टळत नाही. दूध हवं तर ती व्यायला हवी, व्यायला हवी तर बोकड हवा, आणि जुळी होणं हे नेहमीचंच, त्यात निम्मे नर. म्हणजे दुधाच्या हौसेतून दरवर्षी एखाद-दुसरा बोकड घरात येणार. तीन महिन्यांत त्याला आईबहिणींपासून वेगळा करावाच लागतो, कारण इतक्या लहान वयातही तो शेळी गाभण करू शकतो. त्याचं पुढे काय करायचं, विकायचा, खच्ची करून पाळायचा की खायचा, हे ठरलेलं नसेल आणि मधल्या काळात पोरांनी त्याला नाव दिलं असेल, तर घरात अबोला ठरलेला. स्वतःचा बोकड पाळण्याचा विचार तर पहिल्या वर्षी नकोच. माजात तो स्वतःच्याच दाढीवर मुततो, आणि तो वास धुतलेल्या कपड्यांपर्यंत पोचतो.

शेळीचं बाळंतपण बहुतेक वेळा सुरळीत होतं, आणि मुलांनी बघावं असं त्यात खूप आहे. कास भरते, शेपटीच्या बुडाकडचा भाग सैल पडून खोलगट दिसतो, शेळी कळपापासून बाजूला जाऊन जमीन उकरते. आधी दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं की सगळं नीट चाललंय. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही काही पुढे सरकत नसेल तर डॉक्टरांना बोलवायचं. करडाला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा, यात हयगय नको. घरात कुणी गरोदर असेल तर तिने मात्र या कामात हात घालू नये. शेळीची वार (करडामागून पडणारी झिल्ली) आणि स्राव यांमधून गर्भाला धोका पोचवणारे आजार होऊ शकतात. दूधही उकळूनच प्यायचं.

मरण कोंबड्यांमध्ये जास्त वेळा दिसतं. कोंबडी आजार लपवते, आणि मान आत घेऊन, पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर देणं एवढंच आपल्या हातात. शेळीत लक्षण आधी दिसतं, पण बघणारा हवा. खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघायचा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक, फिकट पांढरी पडली असेल तर बहुधा पोटात रक्त पिणारे जंत आहेत. हे जंत गवताच्या बुडाशी, जमिनीलगत जास्त असतात, म्हणून शेळ्यांना झाडपाल्यावर ठेवणं बरं आणि खुरटलेल्या गवतावर चारणं वाईट. आठवड्यातून एकदा पापणी बघायचं काम दहा-बारा वर्षांचं मूल छान करतं.

त्याहून लहान मुलांना कोंबड्याच बऱ्या. अंडी गोळा करणं पाच वर्षांच्या मुलाला जमतं, फक्त नंतर साबणाने हात धुवायला लावायचे, कारण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीपासूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. शेळी प्रेमाने ढुशी मारते, आणि तिची शिंगं नेमकी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात.

मग कुणी काय आणावं

दोघेही दिवसभर बाहेर, मुलं लहान, सुट्टीत बाहेर जायची सवय: कोंबड्या, पाच-सहा, तलंगाच. घरी कायम एखादं मोठं माणूस, मुलं दहाच्या पुढची, चाऱ्याची सोय आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर: शेळ्या जमतील, पण धारेची जबाबदारी एकाच्या गळ्यात नको, दोघांना यायला हवी. शेळी दहा-बारा वर्षं जगते. आज आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर शिकायला घराबाहेर पडलेलं असेल आणि शेळी तुमच्याकडे असेल. कोंबड्याही सहा-आठ वर्षं जगतात, पण भरपूर अंडी पहिली दोनच वर्षं देतात. नंतर त्यांना नुसतं सांभाळणार की कापणार, हेही आधी ठरवा.

ठरतच नसेल तर कोंबड्या आणा. वर्षभराने हौस ओसरली तर सहा कोंबड्यांना घर मिळतं, गाभण शेळीला जागा शोधणं अवघड असतं.

पहिल्याच वर्षी दोन्ही आणायचा मोह आवरा. पुढे कधी आणल्यात तर कोंबड्यांचं खाद्य घट्ट झाकणाच्या पिंपात आणि शेळीला उघडता न येणाऱ्या कडीमागे ठेवा. शेळी साधी कडी नाकाने उघडते. पोटभर धान्य खाल्लं की तिच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आणि एका रात्रीत ती जाऊ शकते.